ठाण्याच्या खाडीतून छ्वानचौकडे

चीनची सहल म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला रस्ता आहे. बीजिंग, शिआन, गुईलिन, शांघाय. मोठी भिंत, मातीचे सैनिक, नदीतली नावेची सैर आणि शेवटी उंच इमारतींवरची रोषणाई. २०२० साली थांबलेली थेट विमानं ऑक्टोबर २०२५मध्ये पुन्हा उडू लागली आणि ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत हा विषय परत निघाला. आमच्या घरी तो वादाच्या रूपाने निघाला. बाबा ठाण्याचे, नोकरीभर पुलांची आणि इमारतींची गणितं केलेले स्ट्रक्चरल इंजिनिअर. विमानं बंद होण्याआधी डोंबिवलीच्या मित्रमंडळींबरोबर ते चीन पाहून आले आहेत. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, कल्याणला पारनाक्याजवळ राहते. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली. तिला आता जायचं आहे, पण बाबांच्या रस्त्याने नाही. दोघांचं बोलणं मी इथे उतरवलं आहे. जिथे मला राहवलं नाही, तिथे मीही बोलले आहे.

आत्या: माधव, मला बीजिंगपासून सुरुवात करायची नाही. आधी छ्वानचौ.

बाबा: हे कुठे आलं, ताई? आम्ही गेलो तेव्हा कुणाच्या तोंडी हे नाव नव्हतं.

आत्या: फूचिएन प्रांतात, तैवानसमोरच्या किनाऱ्यावर. जुने परदेशी प्रवासी त्याला झैतून म्हणायचे. ठाण्याच्या माणसाला तरी ते ठाऊक हवं. १३२१च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. काझीसमोर धर्मावरून वाद झाला आणि तो त्यांच्या जिवावर बेतला. त्यानंतर थोड्याच काळात ओदोरिक नावाचा इटालियन साधू होर्मुझहून जहाजाने ठाण्याला उतरला. त्याने त्या चौघांच्या अस्थी गोळा केल्या आणि बरोबर घेतल्या. कोल्लम, सुमात्रा, जावा असं करत त्या थेट छ्वानचौला नेल्या आणि तिथल्या मठात ठेवल्या. मग फूचौ, हांगचौ, नानजिंग, यांगचौ बघत बीजिंगला पोचला आणि तीनेक वर्षं राहिला. १३३०मध्ये, परत गेल्यावर, त्याने हा सगळा प्रवास तोंडी सांगून लिहून घेतला.

बाबा: ठाण्याबद्दल काय सांगितलंय?

आत्या: ताडीची झाडं, पारव्याएवढी वटवाघळं, आणि कुत्र्याएवढे उंदीर. मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही म्हणतो.

बाबा: घुशी! म्हणजे या माणसाने ठाणं खरंच पाहिलंय.

आत्या: मार्को पोलोच्या वृत्तांतातही ठाणं आहे. चामडं आणि सुती कापड बाहेर जातं, सोनं, चांदी, तांबं आत येतं, समुद्रात चाचे आहेत, असं सगळं. पण पोलो इथे उतरला होता की नाही यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ओदोरिक उतरला होता. आणि कल्याण तर त्याहून जुनं. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानाचे लेख कोरलेले आहेत. आपण बंदरातली माणसं आहोत, माधव. चीनला जायचं तर बंदरातून जावं.

बाबा: सातशे वर्षांपूर्वीच्या साधूच्या मागे जाऊन डोळ्यांना काय दिसणार? मी सांगतो मी काय पाहिलं ते. शिआनचा तट. चौदाव्या शतकात, मिंग घराण्याच्या सुरुवातीला बांधला. १३.७ किलोमीटरचा घेर, १२ मीटर उंची. आत ठेचून भरलेली माती, बाहेरून विटा. वरचा रस्ता इतका रुंद की सायकली भाड्याने मिळतात. मी अख्खी फेरी मारली. आतल्या अंगाला शहर, बाहेर खंदक, खंदकाच्या कडेने बाग, बागेत म्हातारी माणसं व्यायाम करतायत. १९८३पासून मोठी दुरुस्ती झाली, नवं काम कुठे आहे ते निरखून पाहिलं तर कळतं. मला तिथे राग आला. आपला राग. कल्याणला तट नव्हता का?

आत्या: होता. शहराभोवती तट, खाडीच्या अंगाला दुर्गाडी किल्ला. १६५७मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत गलबतं बांधायला घातली. वर्गात हे शिकवताना मुलं विचारायची, बाई, तट कुठाय? कुठे दाखवणार? दगड दुसऱ्या बांधकामांत गेले.

बाबा: आणि आमचा किल्ला? १७३०मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४मध्ये इंग्रजांनी, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. ठाण्यात जन्म गेला माझा, किल्ला बाहेरूनच बघतोय. शिआनमध्ये त्या तटावर सकाळी आजोबा नातवाला घेऊन चालतात. ही गोष्ट तुला छोटी वाटते?

आत्या: छोटी नाही. पण तू शिआन सांगतोस आणि बीजिंग सांगत नाहीस. बीजिंगचा तट कुठे गेला? तोही मिंग काळातला, शिआनपेक्षा मोठा. लियांग सिछंग नावाचा वास्तुविशारद जीव तोडून सांगत होता, तट पाडू नका, वर लोकांसाठी बाग करा. नाही ऐकलं. १९५०-६०च्या दशकांत पाडला. १९६५मध्ये भुयारी रेल्वेचं काम निघालं आणि आज दोन नंबरची मेट्रो त्या तटाच्या रेषेवरून फिरते. बसलास ना तीत?

बाबा: बसलो. स्टेशनांना जुन्या दरवाज्यांची नावं आहेत. दरवाजे बहुतेक नाहीत.

आत्या: झालं तर मग.

बाबा: नाही झालं. शिआनचा तटही पाडायचं घाटत होतं. १९६१मध्ये तो राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षित झाला म्हणून राहिला. पिंगयाओचं बघ. १९८०च्या दशकात तिथे जुन्या गावातून रुंद रस्ते काढायचा आराखडा तयार होता. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यिसान विद्यार्थी घेऊन तिथे गेले, दुसरा आराखडा करून दिला, नवं शहर जुन्याच्या बाहेर वाढवा म्हणाले. १९९७मध्ये पिंगयाओ जागतिक वारशाच्या यादीत आलं. आराखडा बदलला म्हणून गाव वाचलं. माझं म्हणणं एवढंच आहे की शहर वाचवणं हे भावनेचं काम नाही, आराखड्याचं काम आहे. आपल्याकडे वारशावर भाषणं होतात, आराखड्यावर कुणी बसत नाही.

बाबांच्या या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. कल्याणच्या जुन्या वाड्यांबद्दल हळहळणारे लेख मी लहानपणापासून वाचते आहे. ज्या कागदावर रस्त्याची रुंदी ठरते त्या कागदाबद्दलचा एकही लेख मला आठवत नाही.

आत्या: बरं, आराखडा. पण दातोंगला आराखड्यानेच काय केलं? गेल्या दोन दशकांत अख्खा तट नव्याने उभा केला, त्यासाठी वस्ती उठवली. वुहानचा यलो क्रेन टॉवर तर १८८४मध्ये जळाला होता. आज उभा आहे तो १९८५चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला. लोक त्याच्यासमोर उभे राहून हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या वास्तूचा फोटो काढतात.

बाबा: लाकडाची इमारत जळणार, पुन्हा बांधणार. शतकानुशतकं त्यांनी तेच केलं. आपण देवळाचा जीर्णोद्धार करत नाही?

आत्या: करतो. पण पायरीवर, चौकटीवर शक लिहितो, करणाऱ्याचं नाव लिहितो. वय लपवत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर बघ, १०६०चं, शिलाहारांच्या वेळचं. मूर्ती झिजल्या आहेत, शिखर अर्धं नाही, आणि महाशिवरात्रीला गर्दी मावत नाही. झिजलंय, पण तेच आहे. मला तसलं बघायचंय. आणि एक विचारते. तियानानमेन चौकात उभे होतात, तेव्हा गाइडने तिथे १९८९मध्ये चिरडलेल्या आंदोलनाचं काही सांगितलं?

बाबा: नाही.

आत्या: तुम्ही विचारलंत?

बाबा: कुणीच नाही विचारलं. त्या मुलीला अडचणीत आणायचं नव्हतं.

आत्या: ते बरोबर केलंत. पण ते इतिहास जपतात असं म्हणताना हेही धरायचं. विटा जपल्या, माणसं वगळली.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनीच विषय फिरवला आणि मला वाटतं त्यांना खरोखरच ऐकायचं होतं.

बाबा: छ्वानचौला काय आहे ते तरी सांग.

आत्या: काययुआन मंदिर. बौद्ध मंदिर, समोर दोन दगडी मनोरे, तेराव्या शतकातले, चाळीस मीटरांहून उंच. मुख्य मंडपाच्या मागच्या अंगाला दोन खांब आहेत. त्यांवर नरसिंह आहे, कृष्ण आहे, गजेंद्रमोक्ष आहे. तिथे तमिळ व्यापाऱ्यांचं शिवमंदिर होतं. १२८१चा तमिळ शिलालेखही गावात सापडला. ते मंदिर मोडलं, दगड विखुरले, आणि त्यांतले काही बौद्ध मंदिराने आपल्या अंगावर घेतले. नाव मोठं नाही, पाटी मोठी नाही, पण ते खांब शेकडो वर्षं छताचा भार वाहतायत. जवळच १००९मध्ये बांधलेली मशीद आहे. २०२१मध्ये हे सगळं शहर जागतिक वारशात आलं, सोंग आणि युआन काळातली जगाची बाजारपेठ म्हणून.

बाबा: १९७४मध्ये शिआनजवळ विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे सैनिक सापडले. त्याच्यापुढे दोन खांब म्हणजे...

आत्या: त्याच १९७४मध्ये छ्वानचौच्या खाडीच्या गाळातून तेराव्या शतकातलं जहाज काढलं. पोटात मिरी, सुगंधी लाकूड. सैनिक जगाला ठाऊक झाले, जहाज नाही झालं. मातीचे सैनिक सम्राटाने आपल्या मरणासाठी केले. ते जहाज कुणाच्या तरी पोटापाण्यासाठी निघालं होतं. मला जहाज जवळचं वाटतं, त्याला काय करू?

बाबा: हं.

आत्या: आणि तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. लोयांग पूल. गावाबाहेर, नदी समुद्राला मिळते तिथे, भरती-ओहोटीच्या जोरात. १०५३ ते १०५९मध्ये बांधला. दगडी पूल, आणि खांबांचे दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांवर कालवं वाढवली.

बाबा: काय वाढवली?

आत्या: कालवं. आपल्या खाडीतली खडकाला चिकटून बसतात तीच. ती वाढत गेली आणि दगड सांधले गेले. पुलाजवळ कालवं काढायला बंदी घातली होती म्हणतात.

बाबा: ताई, हे तू आधी का नाही सांगितलंस? खाडीत पाया घालणं म्हणजे काय असतं तुला कल्पना नाही. गाळ, ओढ, पाया खरवडला जातो. १८५४मध्ये रेल्वे कल्याणला पोचली ती खाडीवर पूल टाकल्यावर, आणि तो सगळा पश्चिमेकडचा नवा अभ्यास होता. त्याच्या आठशे वर्षं आधी माणूस म्हणतो, हा दगड मी बांधणार नाही, खाडीतल्या जिवाला बांधू दे! अजून उभा आहे?

आत्या: दुरुस्त्या झाल्यात. पण उभा आहे.

बाबा: मग मी तुला एक सांगतो, जे आम्हालाही दाखवलं नाही. छंगतूजवळचं दुजियांगयान. ख्रिस्तपूर्व २५६च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने मिन नदीचं पाणी वळवलं, आणि धरण न बांधता. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखा बांध घातला, नदी दुभंगली. एक प्रवाह पूर वाहून नेतो, दुसरा डोंगरात खणलेल्या फटीतून शेतांकडे जातो. दर वर्षी गाळ काढायचा, बांध दुरुस्त करायचा, हे ठरलेलं काम. छंगतूच्या मैदानाला आजही तेच पाणी मिळतं. याला मी जिवंत वारसा म्हणेन. तुझी खांबांची गोष्ट मला इथून पटते.

आत्या: आणि आराखड्याची तुझी गोष्ट मला. गाळ कोण काढणार हे ज्याने ठरवून ठेवलं त्याचं काम टिकलं. आमच्या काळ्या तलावाला आणि तुमच्या मासुंदा तलावाला हेच लागू आहे.

इथे दोघं जवळ आले असं मला वाटलं, पण गावाकडचा विषय निघाला आणि पुन्हा फाटलं. बाबांनी गुईलिनहून यांगश्वोपर्यंत ली नदीतून केलेल्या प्रवासाचं वर्णन केलं. पाण्यातून सरळ उठलेले चुनखडीचे डोंगर, वीस युआनच्या नोटेवर छापलेलं शिंगपिंगजवळचं तेच दृश्य. आत्याचं म्हणणं, नावेतून गाव दिसत नाही.

आत्या: डोंगर बघून आलास. खाली शेतात कोण होतं?

बाबा: पाणकावळे घेऊन बसलेले कोळी होते. फोटोसाठी पैसे घेतात.

आत्या: ओदोरिकने पाणकावळ्यांकडून मासे धरताना पाहिलं होतं, गळ्याला दोरी बांधलेली, मासा गिळता येऊ नये म्हणून. तेव्हा ते पोटासाठी होतं. आता फोटोसाठी. ते बघायला मी जाणार नाही.

बाबा: आता तू हट्ट करतेस. आम्ही लोंगजीला गेलो, भाताच्या पायऱ्यांची शेती, डोंगराच्या तळापासून माथ्यापर्यंत. च्वांग आणि याओ लोकांची गावं. तरुण पोरं कामाला ग्वांगतोंगच्या कारखान्यांत गेली. मग शेती का राहिली? डाझाई गावात प्रवेश-तिकिटाच्या पैशातला वाटा शेतकऱ्यांना मिळतो, खाचरं पाण्याने भरलेली आणि लावलेली ठेवली तर. म्हणून म्हातारे-म्हाताऱ्या अजून चिखलात उतरतात.

आत्या: म्हणजे लावणी बघणाऱ्यांसाठी. पाऊस पडला म्हणून नाही, पाहुणे येणार म्हणून.

बाबा: भात भातच राहतो, ताई. कणगीत जातो, शिजतो, खाल्ला जातो. बांध फुटत नाही, माती वाहून जात नाही. डोंबिवलीच्या आजूबाजूची २७ गावं आठव. शिळफाट्याच्या रस्त्याने जाताना दोन्हीकडे आषाढात हिरवीगार भातखाचरं दिसायची. त्यांना कुणी पैसे दिले नाहीत. आज तिथे टॉवर आहेत आणि पावसाचं पाणी कुठे जावं हा प्रश्न आहे. बघणाऱ्याच्या पैशाने जर शेत वाचत असेल, तर मी दहा वेळा बघायला जाईन.

मी आत्याची लाडकी आहे, तरी इथे मला बाबांचंच खरं वाटतं. शेत कुणाच्या नजरेसाठी पिकतंय हा प्रश्न आपल्याला पडतो, कारण आपलं पोट त्यावर अवलंबून नाही. ज्याचं आहे त्याने उत्तर दिलं आहे. आत्याने हे मानलं नाही. तिने कोटणीसांचं नाव काढलं.

आत्या: चीनचं खेडं पाहिलं ते सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांनी. सप्टेंबर १९३८मध्ये युद्धातल्या चीनच्या मदतीला मुंबईहून पाच डॉक्टर निघाले, त्यांत नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. येनआन, आणि मग होपेईच्या डोंगरातली खेडी. कोटणीस तिथली भाषा शिकले, को छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. नावेतून येणाऱ्या पाहुण्याने नाही, जखमा बांधणाऱ्याने ते गाव पाहिलं.

बाबा: सगळ्यांनी कोटणीस व्हायचं का? मग कुणी घराबाहेर पडायचंच नाही.

आत्या: नाही रे. पण कबर तर बघता येते. शिच्याच्वांगला आहे. बीजिंगहून शिआनला जाणारी वेगवान गाडी तिथूनच जाते.

बाबा: आमची गाडी तिथे थांबली होती. प्लॅटफॉर्म दिसला. आमच्या डब्यात सगळे मराठी, शांतारामबापूंचा कोटणीसांवरचा १९४६चा सिनेमा बघितलेलेही दोघे-तिघे होते. एकानेही नाव काढलं नाही. आता खरं बोलू? मला परत तिकीट काढायला हात उचलत नाही. जून २०२०ला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. मी तुला रस्ते सांगतोय, पुलाबद्दल विचारतोय, पण ते मनातून जात नाही.

आत्या: माझ्याही नाही जात. जाऊही नये. पण कोटणीसांची सोलापुरात १९६२च्या युद्धानंतरही कुणाला लाज वाटली नाही. ज्या गावाने आपल्या माणसाला पुरलं, फुलं वाहिली, त्या गावाला मी शत्रू कसं म्हणू?

बाबा: गाव नाही, सरकार.

आत्या: व्हिसाचे पैसे सरकारलाच जाणार, ते मला कळतं. तरी मी जाणार.

या एका मुद्द्यावर त्यांचं जुळलं नाही, आणि मीही ते जुळवायला गेले नाही. बाबांचं मन मला कळतं, आत्याचंही. मीना प्रभूंचं ‘चिनी माती’ हे प्रवासवर्णन आत्याच्या उशाशी आहे. पुस्तकात गुईलिनपेक्षा गाड्यांमधल्या आणि रस्त्यांवरच्या माणसांशी केलेल्या खाणाखुणा तिला आवडतात, आणि ती तशाच खाणाखुणा करणार याबद्दल मला शंका नाही. मी तिच्याबरोबर जाणार हे ठरलं आहे. बाबांनी वही घेतली.

बाबा: विमान ग्वांगचौपर्यंत. तिथून रेल्वेने छ्वानचौ. मग फूचौ, हांगचौ. हांगचौला ओदोरिकने बारा हजार पूल सांगितलेत ना? मोजत बसू नकोस. तिथून नानजिंग, तिथला मिंग तट अजून बराचसा उभा आहे, तो बघायचाच, मी सांगतोय म्हणून. मग शिच्याच्वांग, मग बीजिंग. शिआन नाही घालत?

आत्या: घाल. तटावर सायकल नाही चालवणार, चालेन.

बाबा: आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा नको. त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा देश गाड्यांमध्ये असतो.

आत्या: मग त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास. वादळांचाही हंगाम उलटलेला असतो.

बाबा: पौर्णिमेच्या दिवशी नको, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. उधाणाची ओहोटी तेव्हा सगळ्यात खाली जाते, आपल्या खाडीत तरी तसंच असतं. लोयांग पुलाला ओहोटीच्या वेळीच जायचं, नाहीतर खांबांचे तळ पाण्याखाली असणार आणि कालवं दिसणार नाहीत. आणि फोटो खांबाच्या टोकदार अंगाचे काढ, पाणी येतं त्या बाजूचे. वरून काढलेले मला नकोत.

आत्या: तू ये ना. स्वतःच काढ.

बाबा: आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं का ते बघतो.